लाल टोपीवाला माणूस: अंतोनेल्लोच्या व्यक्तिचित्राची नक्कल करतानाच्या नोंदी

८ जून

पेन्सिलीनं चेहरे बरे जमतात. तेलरंग हातात घेतला की त्याच चेहऱ्याचा गोळा होतो. दोन वर्षं हेच चाललंय, म्हणून आता स्वतःचं डोकं न चालवता एका जुन्या चित्राची जशीच्या तशी नक्कल करायची ठरवली आहे.

चित्र पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार अंतोनेल्लो दा मेसिना याचं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, साधारण १४७५-७६ मधलं. पॉप्लर झाडाच्या लाकडी फळीवर तेलरंग. लाल टोपी, तपकिरी अंगरखा, गळ्याशी पांढऱ्या सदऱ्याची कड, मागे मिट्ट काळोख. माणूस थोडा डावीकडे वळलेला आणि नजर थेट आपल्यावर.

निवडीची कारणं सगळी सोयीची आहेत. मूळ माप ३५.६ × २५.४ सेंमी, म्हणजे बरोबर १४ × १० इंच. त्यामुळे मूळ मापात काम करता येतं आणि लहानमोठं करण्याचा घोळ राहत नाही. मागे डोंगर-नदी नाही. हात नाहीत, आणि खरं सांगायचं तर हेच सगळ्यात मोठं कारण. आधी त्याच अंतोनेल्लोचा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला १४७५चा सेनानी (तेही व्यक्तिचित्रच) मनात होता, वरच्या ओठावर व्रण असलेला. त्या जबड्यापुढे हिंमत झाली नाही.

१० जून

३ मिमी हार्डबोर्ड कापून घेतला. एका बाजूला अ‍ॅक्रिलिक गेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे) पाच हात दिले, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. दोन तास गेले. संध्याकाळी पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत, सकाळी फळी होडीसारखी वाकलेली. एकाच बाजूला ओला थर बसला की वाळताना तो फळीला आपल्याकडे ओढतो. पुस्तकांचं वजन ठेवून दोन दिवस वाट पाहिली, काही उपयोग झाला नाही. पहिली फळी बाद.

१३ जून

आता ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी), एकदम दोन तुकडे. एक वाया जाणार हे गृहीत धरून. दोन्ही बाजूंना गेसो, कडांनाही, कारण ओल कडेतूनच शिरते. सपाट राहिले आहेत.

१७ जून

रेखाटन. ट्रेसिंग पेपर थेट मूळ छापील चित्रावर ठेवला असता तर तासाभरात काम झालं असतं, पण मग शिकले काय? म्हणून साध्या कागदावर २ सेंमीच्या चौकटी आखून हातानं काढलं. चार बैठका, अकरा तास.

मग माझ्या रेखाटनाचा फोटो काढून संगणकावर मूळ चित्रावर अर्धपारदर्शक करून ठेवला. चुका बघून लाज वाटली, पण त्या कुठे होत्या ते लिहून ठेवते, कारण बहुतेकांच्या तिथेच होत असाव्यात.

एक, पलीकडचा गाल ४ मिमी जास्त रुंद. चेहरा वळला की पलीकडची बाजू आक्रसते हे डोळ्यांना दिसतं, पण तिथे गाल ‘आहे’ हे मनाला माहीत असतं आणि हात मनाचं ऐकतो. दोन, ओठांची रेघ मी सरळ केली होती. मूळ चित्रात ती किंचित तिरकी आहे आणि त्या माणसाचा सगळा खवचटपणा त्या तिरकेपणात आहे. तीन, दोन्ही डोळे एकाच आकाराचे काढले. एकही चूक ‘हात वाईट’ म्हणून झालेली नाही. तिन्ही ठिकाणी मी चित्राला नीटनेटकं करायला गेले.

चौकटी १ सेंमीच्या केल्या, चेहऱ्यापुरत्याच. आता जास्तीत जास्त चूक १ मिमीच्या आत आहे.

१९ जून

रेखाटन फळीवर उतरवायला घरातला निळा कार्बन पेपर वापरला. रेघा सुरेख उमटल्या. सहज टर्पेंटाइनचा बोळा एका कोपऱ्यावर फिरवला आणि सगळं निळं निळं. त्यावर तेलरंग चढवला असता तर ती शाई थराथरातून वर आली असती आणि माणसाच्या कपाळावर नीळ पडली असती. घासून काढलं, वर पुन्हा गेसोचे दोन हात. तीन तास पाण्यात.

योग्य रीत इतकी सोपी आहे की राग येतो. ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूला बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा अगदी पातळ थर बोटानं चोळायचा, जास्तीचा चिंधीनं पुसायचा, मग फळीवर ठेवून वरून बॉलपेननं गिरवायचं. रेघ रंगाचीच असल्यामुळे पुढे चित्रात मिसळून जाते.

२८ जून

या नोंदीत नऊ तासांची माती आहे.

बघितलेल्या प्रत्येक व्हिडिओत एकच सल्ला होता: जुन्या इटालियन पद्धतीनं चेहरा करायचा तर आधी हिरवट-करड्या रंगात अख्खा चेहरा रंगवा, मग त्यावर कातडीचा रंग. काळा, यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा आणि चिमूटभर लाल मिसळून मी तो हिरवट रंग केला आणि तीन दिवस जीव ओतून चेहरा रंगवला. झालाही छान. मग वाळल्यावर वर गुलाबी थर दिला. पातळ दिला तर माणूस कावीळ झालेला, जाड दिला तर खालची सगळी मेहनत गाडली गेली. आई खोलीत आली, बघून म्हणाली, “अगं, याला बरं नाही का?”

मग मूळ चित्र मोठं करून नीट पाहिलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्यात हिरवं कुठेच डोकावत नाही. चेहऱ्याखाली हिरव्या मातीचा रंग देण्याची रीत टेम्पराच्या, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांच्या, जमान्यातली. इटलीतल्या सिएना शहराच्या जुन्या फळ्यांवर वरचा गुलाबी झिजल्यामुळे आज ते चेहरे हिरवट दिसतात. अंतोनेल्लोची रीत फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची. खाली पांढरी जमीन (फळीवरचा पांढरा लेप) आणि वर तेलाचे पातळ थर, म्हणजे उजेड खालच्या पांढऱ्यावरून परत फिरून येतो. तेलरंगाचं गुपित त्यानं थेट फ्लेमिश चित्रकार यान फान आयककडून आणलं अशी एक दंतकथा आहे. फान आयक १४४१ मध्ये वारला, तेव्हा अंतोनेल्लो पोरसवदा होता, त्यामुळे ती खरी नाही. पण दंतकथा त्याच्याबद्दलच का निघाली ते चित्र पाहून कळतं.

ही फळी आता रंग तपासायला. तिसरी बाहेर काढली.

५ जुलै

तिसरी फळी. रॉ अंबर (तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पसरवला आणि उजेडाच्या जागा चिंधीनं, कानकोरण्याच्या कापसानं पुसून काढल्या. पांढरा रंग अजिबात नाही, फळीचा पांढराच उजेड. पाच तासांत चेहरा उभा राहिला. नऊ तासांच्या हिरव्यापेक्षा हा जास्त जिवंत आहे.

७ जुलै

पार्श्वभूमी आधी रंगवून घेतली. हिरव्या फळीवर ती शेवटी ठेवली होती आणि तोच घात झाला होता: पांढऱ्या जमिनीशेजारी गालाची सावली काळी वाटते, म्हणून मी ती उजळत गेले, आणि मागे काळं भरल्यावर सगळा चेहरा पिठासारखा दिसायला लागला.

ट्यूबमधला नुसता आयव्हरी ब्लॅक मात्र खालच्या थरात नको. त्यात तेल भरपूर असतं आणि तो फार हळू वाळतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून काळा केला. अंबरमध्ये मँगेनीज असल्यामुळे तो भराभर वाळतो. दोन दिवसांनी हात लावता आला. केस आणि टोपीच्या कडा काळ्यात थोड्या मिसळून ठेवल्या. चार तास.

१२ जुलै

रंगकाम नाही, भांडण. फोनवर त्याची कातडी नारिंगी, लॅपटॉपवर गुलाबी, छापील प्रतीत तपकिरी. तिन्ही एकाच फाइलची. शेवटी रंगासाठी लॅपटॉप आणि रेषेसाठी छापील प्रत असं ठरवलं. लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणला आणि तो रोज तोच ठेवते.

त्याहून उपयोगी पडलेली गोष्ट: करड्या पुठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोक पाडलं. ते पडद्यावर एका जागी धरायचं, भोकातून दिसणारा रंग बघायचा, मग तसंच माझ्या चित्रावर. आजूबाजूचं झाकलं की डोळ्याची फसगत थांबते. त्याच्या डोळ्यातला ‘पांढरा’ भाग कपाळापेक्षा गडद निघाला. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

१९ जुलै

कातडीचा पहिला थर. यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, बर्न्ट अंबर, टायटॅनियम व्हाइट. वाळल्यावर खडू फासल्यासारखं.

त्या काळी शिशाचा पांढरा वापरत. तो थोडा पारदर्शक, उबदार आणि लवकर वाळणारा, पण विषारी, म्हणून मी घेतला नाही. टायटॅनियम हा विसाव्या शतकातला रंग आणि मिश्रणातल्या सगळ्यांना गिळतो. माझा उपाय असा: पांढऱ्याचा ढीग आधीच थोड्या ऑकरनं ‘मळवून’ ठेवायचा आणि कातडीच्या मिश्रणात तो सगळ्यात शेवटी, सुईच्या टोकाएवढा घालायचा. शुद्ध पांढरा फक्त नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यातल्या ठिपक्यात आणि सदऱ्याच्या कडेवर.

आणखी एक. सावलीत पांढरा घालायचाच नाही. सावली पारदर्शक तपकिरी राहिली तरच ती खोल जाते. पांढरा मिसळला की ती पुढे येऊन गालावर राखेसारखी बसते.

२६ जुलै

थर अंगाला लागेना. पाण्याचे थेंब तेलकट तव्यावर पळावेत तसा नवा रंग गोळा होऊन मागे सरकत होता. कारण मीच. मागच्या रविवारी रंग छान सरकावा म्हणून जवसाचं तेल सढळ हातानं घातलं होतं. नियम उलटा आहे, खालचे थर कोरडे, वरचे क्रमाक्रमानं तेलकट. कोरड्यावर तेलकट चालतं. तेलकटावर कोरडं चढवलं तर आज सरकतं आणि पुढे तडकतं.

हात लावून पाहिलं तर अजून चिकट. हवा सर्द, आठवड्यात सुकलं नव्हतं. सगळा नवा थर पुसला, पाच तासांचं काम चिंधीत गेलं. दहा दिवस फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली, मग अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवून पुन्हा सुरुवात.

चिंध्यांबद्दल: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

९ ऑगस्ट

पंख्यासारखा ब्रश घेऊन गालावरचे सगळे जोड मऊ केले. अर्ध्या तासात चेहरा इतका गुळगुळीत झाला की वात लावली तर पेटला असता. मेणाचा पुतळा. मूळ चित्रात गुळगुळीतपणा आहे, पण गालाचं हाड, नाकाची कड, हनुवटीचा उतार हे वेगवेगळे पैलू पुसलेले नाहीत. पंख्यानं मी ते सगळे पुसले.

पंखा बाजूला. शून्य नंबरच्या ब्रशनं, आकाराच्या वळणानुसार छोट्या छोट्या रेघा मारून एका टोनातून दुसऱ्यात जाते आहे. हळू होतं. तळहाताएवढ्या गालाला दोन संध्याकाळ लागल्या. तरीही हे सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात सुखाचं काम, मान दुखते ते सोडून.

१६ ऑगस्ट

डोळे. पहिली बैठक चार तास, नंतर पुसलं.

डोळ्याचा सगळा तपशील आला: खालच्या पापणीची ओली जाडी, कोपऱ्यातलं लालसर मांस, बुबुळावर वरच्या पापणीची सावली. आणि माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागच्या दारात कुणी आलंय का ते पाहत होता.

२० ऑगस्ट

पुन्हा तीन तास, पुन्हा पुसलं. आता तिरळा.

बुबुळ अर्धा मिलिमीटर सरकलं की नजर खोलीभर फिरते. प्रत्येक वेळी रंगवून, बघून, पुसून हे होणार नाही. खालचा थर पुसण्यानं खराब व्हायला लागला होता.

२३ ऑगस्ट

सुटलं. पारदर्शक प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या तुकड्यांवर बुबुळं रंगवली, वाळवली आणि चित्रावर ठेवून चिमट्यानं सरकवत बसले. तीन पावलं मागे जायचं, बघायचं, पुढे यायचं, केसभर हलवायचं. चाळीस मिनिटांनी त्यानं माझ्याकडे पाहिलं. अक्षरशः दचकले. जागा सुईनं टिंबून घेतली आणि रंगवली.

कळलं ते हे की दोन्ही बुबुळं आपापल्या डोळ्यात सारखी बसलेली नाहीत. चेहरा एकीकडे वळलाय आणि नजर आपल्याकडे, त्यामुळे दोघं वेगवेगळ्या प्रमाणात कोपऱ्याकडे सरकलेली आहेत. मी त्यांना समान वागवत होते. पुन्हा तोच नीटनेटकेपणा!

नंतर वाचलं की मूळ चित्राच्या क्ष-किरण तपासणीत डोळे आधी वेगळ्या दिशेला बघत असल्याचं दिसलं आहे. म्हणजे अंतोनेल्लोनंही ते फिरवले. हे वाचल्यावर माझ्या सात वाया गेलेल्या तासांचं दुःख बरंच कमी झालं.

३० ऑगस्ट

टोपी. सात तास, फारशी कटकट नाही. सावलीसाठी लालमध्ये काळा घातला तर वीट होते, म्हणून आधी सावल्या बर्न्ट अंबरनं, मग अपारदर्शक कॅडमियम रेड, वाळल्यावर किरमिजी रंगाचा पारदर्शक थर. त्या काळी याच जागी हिंगुळ आणि त्यावर कीटकांपासून किंवा मंजिष्ठेपासून केलेला लाल असे. आपल्याकडून गेलेल्या लाखेचाही लाल युरोपातले चित्रकार वापरत. साधा अलिझरिन (किरमिजी रंग) उजेडात फिकट होतो, म्हणून त्याचा टिकाऊ पर्याय घेतला.

पारदर्शक थर जास्त झाला आणि खालच्या घडीत ओघळ साचला. जुन्या बनियनच्या कापडाची पुरचुंडी करून टिपून घेतला. टिपल्यावर जो पोत आला तो ब्रशनं आलाच नसता, त्यामुळे मग सगळी टोपीच टिपली.

६ सप्टेंबर

दाढीची खुंटं. मूळ चित्रात त्याची एक-दोन दिवसांची दाढी दिसते. लांब केसांच्या बारीक ब्रशनं एकेक केस काढायला बसले आणि हनुवटीवर मुंग्यांची रांग लागली. पुसलं. आधी त्या भागावर अगदी पातळ करडा-निळसर थर, तो ओला असतानाच त्यात थोडे ठिपके, आणि वाळल्यावर वीस-पंचवीसच खुंटं, तीही उजेड आणि सावलीच्या सीमेवर. बाकीची बघणारा आपली आपण बघतो.

भुवया अशाच. आधी धूसर पट्टा, मग मोजके केस.

१३ सप्टेंबर

अंगरख्याच्या गडद जागा वाळल्यावर मातकट, निस्तेज झाल्या होत्या; खालच्या थरानं तेल शोषून घेतलं. तेल-टर्पेंटाइनचा अगदी पातळ हात फिरवून लगेच कोरड्या कापडानं पुसला, खोली परत आली. उरलेल्या तेलात ब्रशचा एक केस चिकटलाय, टोपीच्या डाव्या कडेला. चिमट्यानं काढायला गेले तर रंग सोलला जाईल. राहू दे.

काय चुकलेलं राहिलं: मान थोडी जाड आहे. पलीकडच्या नाकपुडीची सावली जास्त कडक. ओठांचा तिरकेपणा रेखाटनात साधला होता, रंगवताना निम्मा हरवला, त्यामुळे माझा माणूस मूळ माणसापेक्षा भोळा दिसतो. हे दुरुस्त करायला मी आता बसणार नाही.

हिशेब: ८५ तास, त्यातले ३० पुसण्यात आणि फेकण्यात. तीन फळ्या. टायटॅनियमची ३७ मिलीची एक ट्यूब जवळपास संपली, कॅडमियम रेड पावही नाही. दोन बारीक ब्रश डोळ्यांपायी गेले. वाळण्याची वाट पाहण्यातले दिवस धरले तर चौदा आठवडे.

१४ सप्टेंबर

फळीच्या मागे अंबरनं लिहिलं: ‘अंतोनेल्लो दा मेसिनावरून केलेली नक्कल’, खाली माझी सही आणि वर्ष. वॉर्निश सहा महिन्यांनी, मार्चच्या मध्यावर.

आईला दाखवलं. बराच वेळ बघत उभी राहिली. मग दाराकडे गेली, तिथून वळून बघितलं, पुन्हा खिडकीकडे गेली. म्हणाली, “हा जिथे जावं तिथे बघतोच की गं. याला देवघरासमोर नको लावू.”